११७६ घ्यावा की त्याच्यासारखा दुसरा? स्टुडिओसाठी कॉम्प्रेसर निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॅकमध्ये दोन युनिटची जागा मोकळी आहे, हाताशी थोडे पैसे आहेत आणि समोर ‘११७६सारखे’ म्हणवणारे पाच-सहा कॉम्प्रेसर आहेत. दिसायला सगळे एकाच साच्यातले: दोन मोठे नॉब, दोन छोटे, काट्याचं मीटर आणि त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार बटणं. किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक. अशा वेळी जे प्रश्न हमखास विचारले जातात, ते इथे घेतले आहेत. कॉम्प्रेसर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चाललो आहे.

सगळे ज्याची नक्कल करतात तो ११७६ नेमका काय आहे?

अमेरिकेतले रेकॉर्डिंग इंजिनिअर आणि स्टुडिओमालक बिल पटनम यांनी १९६७ मध्ये बाजारात आणलेला लिमिटर, म्हणजे जोरात दाबणारा कॉम्प्रेसर. त्याआधी त्यांचा १७६ नावाचा व्हॉल्व्हवर चालणारा लिमिटर होता. ११७६ मध्ये व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आले आणि आवाज दाबण्याचं काम फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरकडे, म्हणजे एफईटीकडे गेलं.

एफईटी इथे बदलत्या रेझिस्टरसारखा वापरलेला आहे. सिग्नल मोठा झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि सिग्नलचा काही भाग ग्राउंडकडे वळतो. पण एफईटीला मोठा सिग्नल झेपत नाही, लगेच डिस्टॉर्शन येतं. म्हणून सिग्नल आधी लहान करायचा आणि दाबून झाल्यावर पुन्हा भरपूर वाढवायचा. या वाढवण्यात हिस (सुर्र असा आवाज) येतो आणि रंगही येतो. ११७६चा म्हणून जो आवाज आपण ओळखतो, त्यातला बराचसा या अँप्लिफायरचा आणि ट्रान्सफॉर्मरचा आहे. म्हणूनच काहीही न दाबता नुसता ट्रॅक त्यातून काढणारे लोक आहेत. अटॅकचा नॉब पूर्ण डावीकडे नेऊन ‘टक्’ केला की मूळ यंत्रात गेन रिडक्शन बंद होतं आणि सिग्नल बाकी सगळ्या मार्गातून जातो, तो यासाठीच.

यात थ्रेशोल्डचा नॉबच नाही. मग दाब कमी-जास्त कसा करायचा?

इनपुटच्या नॉबने. थ्रेशोल्ड आत ठरलेला आहे. इनपुट वाढवलं की सिग्नल त्या रेषेवर जास्त चढतो आणि जास्त दाबला जातो. आउटपुटने शेवटची पातळी जुळवायची. रेशो बदलला की थ्रेशोल्डही थोडा सरकतो: २०:१ ला तो ४:१ पेक्षा वर असतो. म्हणून नुसतं बटण बदलून ‘२० ला कमी दाबतोय’ असं वाटलं तर यंत्रात बिघाड नाही.

अटॅक आणि रिलीज उलटे आहेत असं म्हणतात ते खरं का?

खरं आहे. १ म्हणजे सर्वांत संथ आणि ७ म्हणजे सर्वांत वेगवान. दुसऱ्या कॉम्प्रेसरची सवय असलेला माणूस पहिल्या दिवशी इथे हटकून फसतो.

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, रिलीज ५० मिलिसेकंद ते १.१ सेकंद. ४८ किलोहर्ट्‌झला एका सॅम्पलचा काळ साधारण २०.८ मायक्रोसेकंद भरतो, म्हणजे ७ वर ठेवलेला ११७६ जवळजवळ एका सॅम्पलइतक्या वेळात पकडतो. आणि यातला ‘संथ’ अटॅकसुद्धा एका मिलिसेकंदाच्या आत आहे. एसएसएल कंपनीच्या बस कॉम्प्रेसरवर (पूर्ण मिक्सवर लावायच्या कॉम्प्रेसरवर) ३० मिलिसेकंदांचा अटॅक मिळतो, तसा इथे कुठेच नाही. थाप पूर्णपणे मोकळी सोडायची असेल तर हे यंत्र त्या कामाचं नाही.

ब्लू स्ट्राइप, ब्लॅकफेस, रेव्ह डी, रेव्ह एफ ही काय भानगड आहे?

पटनम यांच्या कंपनीने (तिचं नाव पुढे युआरईआय झालं) वर्षानुवर्षं सर्किटमध्ये बदल केले आणि प्रत्येक बदलाला इंग्रजी अक्षर दिलं. रेव्ह म्हणजे रिव्हिजन, आवृत्ती. खरेदीपुरतं एवढं पुरे:

रेव्ह ए आणि बी मध्ये पुढच्या पट्टीवर मीटरभोवती निळा पट्टा, म्हणून ब्लू स्ट्राइप. हिस आणि डिस्टॉर्शन जास्त. रॉक गाण्यातल्या गिटारवाल्यांना तेच हवं असतं. १९७० मध्ये रेव्ह सी आली, काळ्या पट्टीची, म्हणून ब्लॅकफेस. ब्रॅड प्लंकेट यांनी हिस कमी करणारी आणि एफईटीला त्याच्या सरळ चालणाऱ्या पट्ट्यात ठेवणारी जोडणी केली. नावापुढे ‘एलएन’ (लो नॉइज) लागलं ते तेव्हापासून. डी मध्ये तीच जोडणी मुख्य बोर्डावर आली. ई मध्ये ११० आणि २२० व्होल्टची सोय झाली. एफ मध्ये आउटपुटचा क्लास-ए अँप्लिफायर जाऊन पुश-पुल आला. जी मध्ये इनपुट ट्रान्सफॉर्मर काढून त्या जागी ऑप-अँप बसवला. एच ही चंदेरी पट्टीची शेवटची आवृत्ती.

सी, डी आणि ई ही मधली तीन बहुतेकांची लाडकी आहेत, आणि आजच्या बहुतांश नकला याच तीनपैकी कशाच्या तरी आहेत. जी आणि एच जुन्या बाजारात तुलनेने स्वस्त मिळतात. इनपुट ट्रान्सफॉर्मर नाही म्हणून नाक मुरडणारे बरेच, पण स्वच्छ बोलण्याच्या आवाजाला मला ती चालतात, आवडतातसुद्धा.

आज नवीन घ्यायला कोणकोणते पर्याय आहेत?

युनिव्हर्सल ऑडिओचा ११७६एलएन. १९९९ मध्ये पटनम यांच्या मुलांनी वडिलांच्या या कंपनीला पुन्हा जीव दिला आणि सुरुवातीच्या काळात जी यंत्रं काढली त्यात हे होतं. ओळीने पाहिलं तर वारस हाच.

पर्पल ऑडिओचा एमसी-७७. रेव्ह ईवर बेतलेला. यांचा आधीचा एमसी-७६ तर युनिव्हर्सल ऑडिओच्या पुनरागमनाच्याही आधीचा आहे. बांधणी दणकट.

वॉर्म ऑडिओचा डब्ल्यूए-७६. रेव्ह डीवर बेतलेला, सिनेमॅग कंपनीचे ट्रान्सफॉर्मर. मधल्या खिशाचा.

क्लार्क टेक्निकचा ७६-केटी. सर्वांत स्वस्त. बेहरिंजर ज्या समूहात आहे त्याच म्युझिक ट्राइब समूहातली ही कंपनी. ट्रान्सफॉर्मर मिडास नावाचे.

ब्लॅक लायनचा ब्लुई. हा ब्लू स्ट्राइपच्या वळणाचा, म्हणून वरच्या चौघांशी याची थेट तुलना करू नका. तो मुद्दामच जास्त खरखरीत आहे.

हेअरबॉल ऑडिओची किट. सोल्डरिंग येत असेल तर. त्याबद्दल पुढे.

यांच्या आवाजात खरंच फरक असतो का?

असतो. पण जाहिरातीत आणि चर्चेत सांगतात त्याच्या मानाने फारच थोडा. आणि तो कुठून येतो हे कळलं तर पैसे कुठे घालायचे हेही कळतं.

एफईटी हा भाग मुळातच अठरापगड. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन एफईटींचा गुणधर्म जुळेलच असं नाही, म्हणून प्रत्येक यंत्रात तो आतल्या ट्रिम पॉटने (स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या नॉबने) जुळवून घ्यावा लागतो. त्याला क्यू बायस म्हणतात. तो नीट नसला की दाब उशिरा सुरू होतो किंवा डिस्टॉर्शन वाढतं. नॉबच्या मागच्या पोटेन्शिओमीटरला दहा-वीस टक्क्यांची सूट सर्रास असते. त्यामुळे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन डबे शेजारी ठेवून अटॅक ४ वर, रिलीज ५ वर केलं तरी दोघं सारखं वागतील याची खात्री नाही. मी तर म्हणेन की नीट कॅलिब्रेट केलेला ७६-केटी आणि नीट कॅलिब्रेट केलेला ११७६एलएन यांच्यात जेवढं अंतर आहे, त्याहून जास्त अंतर एक नीट आणि एक बिघडलेला अशा दोन ११७६एलएनमध्ये सापडेल.

जे अंतर उरतं ते मुख्यतः ट्रान्सफॉर्मरमध्ये: खालचे सूर जोरात आले की ट्रान्सफॉर्मर भरतो आणि थोडं गोड डिस्टॉर्शन देतो. किती भरतो, कसा भरतो, हे प्रत्येकाचं वेगळं. बेस गिटार किंवा डग्ग्यावर ते ऐकू येतं. बोलण्याच्या आवाजावर मला ते शोधावं लागतं.

बाकीचा फरक कानाला ऐकू येत नाही, हाताला लागतो: नॉबची पकड, बटणं दहा वर्षांनी चिकटतात की नाही, सुटे भाग मिळतात का, आणि विकायला काढल्यावर किती येतात. महाग यंत्राचे जास्तीचे पैसे प्रामुख्याने यासाठी आहेत. ते वाईट कारण नाही, फक्त ‘आवाजासाठी घेतोय’ असं स्वतःला सांगू नये.

दोन कॉम्प्रेसरची तुलना कशी करायची की फसवणूक होणार नाही?

पहिली गोष्ट, नॉबचे आकडे जुळवू नका. मीटरवरचं गेन रिडक्शन जुळवा. कच्चा ट्रॅक घ्या, आधी कुठलंही कॉम्प्रेशन नसलेला. तो इंटरफेसच्या लाइन आउटपुटमधून पहिल्या यंत्रात सोडा, ४:१, आणि सर्वांत मोठ्या ठिकाणी काटा ६ डीबी दाखवेल इतकं इनपुट ठेवा. परत रेकॉर्ड करा. दुसऱ्या यंत्रावर तोच ट्रॅक, तीच ६ डीबी. मीटरच्याच अचूकतेची शंका असेल तर १ किलोहर्ट्‌झचा सूर सोडून, अटॅक बंद ते चालू करून, आउटपुट प्रत्यक्षात किती पडतं ते सॉफ्टवेअरमध्ये मोजा. स्वस्त यंत्रांची मीटरं एखाद-दोन डीबी इकडेतिकडे असतात.

काट्यावर फार भिस्त नको, हेही सांगून ठेवतो. काट्याला स्वतःचं वजन आहे. २० मायक्रोसेकंदात झालेला दाब त्याला दिसतच नाही. ढोलकीच्या चाटीवर काटा २ दाखवत असतो आणि प्रत्यक्षात क्षणभर ८ डीबी दाबलेलं असू शकतं. म्हणून तुलनेसाठी लांब सूर असलेला एक ट्रॅक आणि थाप असलेला एक, असे दोन्ही घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे पातळी, आणि इथेच बहुतेक तुलना वाया जातात. अर्धा डीबी मोठा आवाज कानाला ‘जास्त भरदार’, ‘जास्त खुला’ वाटतो. तो मोठा आहे हे कळतच नाही. परत आलेल्या दोन्ही ट्रॅकची लाउडनेस मीटरवर सरासरी पातळी काढा आणि एकमेकांच्या ०.२ डीबीच्या आत आणा. पीक बघून जुळवू नका. कॉम्प्रेसर पीकच तर बदलतो.

तिसरी, वेळ. हार्डवेअरमधून फिरून आलेला ट्रॅक काही मिलिसेकंद उशिरा येतो. लॉजिक, रीपर, क्यूबेस, प्रो टूल्स यांत बाहेरच्या यंत्रासाठी इन्सर्टची सोय आहे. तिथे हा उशीर मोजून घ्या किंवा हाताने भरा. कच्चा आणि दाबलेला ट्रॅक एकत्र वाजवणार असाल तर हे केलंच पाहिजे, नाहीतर कंगव्यासारखी पोकळी पडते आणि दोष बिचाऱ्या कॉम्प्रेसरवर जातो.

मग ट्रॅकना अ, ब, क अशी नावं देऊन दुसऱ्या कोणाला तरी क्रम उलटापालटा करायला सांगा. डोळ्यांसमोर निळा पट्टा दिसत असेल तर कान त्याचंच ऐकतात. उत्तर त्याच दिवशी ठरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या कानांनी, तोच निकाल येतो का पाहा. येत नसेल तर स्वस्तातला घ्या आणि उरलेल्या पैशांत खोलीच्या कोपऱ्यांत खालचे सूर शोषणारे बेस ट्रॅप लावा.

ढोलकी-तबल्यासाठी ११७६सारखा कॉम्प्रेसर चालेल का?

चालतो, पण त्याचा स्वभाव ओळखून. ढोलकीला दोन माइक लावले आहेत असं धरू: एक चाटीकडे, एक धुमाकडे, म्हणजे खर्जाच्या बाजूला.

चाटीकडे काम सोपं आहे. अटॅक २ ते ३, रिलीज ५ च्या पुढे, ४:१, काट्यावर ३-४ डीबी. थापेचं टोक थोडं बोथट होतं आणि मागचा नाद वर येतो. तमाशाच्या फडावरची ढोलकी स्पीकरमधून जशी अंगावर येते तशी मिक्समध्ये पुढे येते. अटॅक ७ वर नेला तर टोकच जातं आणि ढोलकी पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी वाजते.

धुमाच्या बाजूला खरा प्रश्न आहे. घुमारा ८० हर्ट्‌झच्या आसपास असेल तर त्या एका लाटेला १२.५ मिलिसेकंद लागतात. रिलीज ५० मिलिसेकंदांवर आणि अटॅक वेगवान असेल तर कॉम्प्रेसर एका लाटेच्या आतच दाबतो आणि सोडू लागतो. म्हणजे तो थापेची पातळी सांभाळत नाही, लाटेचा आकारच कापत बसतो. ऐकायला ते घुमाऱ्यावर फाटल्यासारखं येतं. नवशिके याला ‘माइक फाटला’ म्हणतात आणि प्रीअँपचा गेन कमी करत बसतात. रिलीज ३-४ पर्यंत संथ करा, फाटणं जातं. लोकसंगीताच्या एखाद्या गाण्यात ते फाटणं मुद्दाम ठेवलेलं छानही लागतं, तो भाग वेगळा. तबल्याच्या डग्ग्याला हेच सगळं लागू.

या कसोटीवर वेगवेगळी यंत्रं वेगळी वागतात, कारण रिलीज नॉबच्या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या ठिकाणी पडतात. डेमो मिळत असेल तर डग्ग्याचा कच्चा ट्रॅक पेन ड्राइव्हवर घेऊन जा. दुकानात ड्रम सेटचा तयार लूप ऐकवतात, त्यावर सगळेच कॉम्प्रेसर चांगले वाजतात.

गाण्यासाठी ११७६ की एलए-२ए?

एलए-२ए हा पूर्णपणे वेगळा प्राणी. टेलेट्रॉनिक्स कंपनीच्या जिम लॉरेन्स यांची ही रचना. व्हॉल्व्हवर चालते आणि दाबायचं काम प्रकाशावर होतं: सिग्नलनुसार एक पट्टी उजळते, समोरचा प्रकाशसंवेदी रेझिस्टर त्याप्रमाणे बदलतो. अटॅक सरासरी १० मिलिसेकंद. सोडताना अर्धा दाब ६० मिलिसेकंदांत सुटतो आणि उरलेला सावकाश, अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत. दोनच मोठे नॉब आहेत, त्यामुळे बिघडवायला फारसा वाव नाही.

भावगीत, अभंग, संथ आलापी यांना एलए-२ए शोभतो. शब्द झटक्याने टाकणारी लावणी, रॅप, जाहिरातीचा आवाज यांना ११७६. दोन्ही असतील तर आधी ११७६ने नुसती टोकं दोन-तीन डीबी धरायची आणि मग एलए-२एने सगळं अंग समतल करायचं, ही जुनी आणि आजही चालणारी जोडी.

एक सावधगिरी आपल्याकडच्या रेकॉर्डिंगची. गायक स्वतः पेटी वाजवत गात असेल तर गळ्याच्या माइकमध्ये पेटी शिरतेच. वेगवान रिलीज लावला की प्रत्येक ओळीनंतर पेटी उसळून वर येते आणि पुढचा शब्द आला की खाली बसते. तिथे रिलीज संथ ठेवा किंवा दाबच कमी करा. यंत्र बदलून हा प्रश्न सुटत नाही.

एलए-२एच्याही नकला आहेत: वॉर्मचा डब्ल्यूए-२ए, क्लार्क टेक्निकचा केटी-२ए, गोल्डन एजचा कॉम्प-२ए. त्यांच्यात फरक जास्त जाणवतो, कारण ती प्रकाशाची डबी, टी-४, प्रत्येक नगाला वेगळी वागते.

रेशोची चारही बटणं एकदम दाबायची गंमत सगळ्यांत होते का?

बटणं यांत्रिक असतील आणि एकत्र आत राहत असतील तर होते. त्यात रेशो १२ आणि २० च्या मध्ये कुठेतरी जातो, आतल्या बायसची जागा बदलते, डिस्टॉर्शन वाढतं आणि थाप उडी मारून येते. खोलीच्या माइकवर, समांतर ट्रॅक करून, मूळ आवाजात थोडी मिसळायला भारी. काटा उजवीकडे आपटतो, घाबरू नका. नकलांमध्ये सर्वांत जास्त वेगळेपण इथेच ऐकू येतं. पण याच एका बटणासाठी यंत्र निवडू नये.

दोन घेऊन स्टीरिओ करता येतील?

जुन्या ११७६ला त्यासाठी ११७६एसए नावाचा वेगळा डबा लागायचा. नव्यांत काहींना जोडणीची सोय आहे, काहींना नाही. खरेदीआधी मागची पट्टी पाहा. पण पूर्ण मिक्सवर लावायला स्टीरिओ हवा असेल तर दोन ११७६ जोडत बसण्यापेक्षा त्या कामाचाच बस कॉम्प्रेसर घ्या. दोन एफईटी बरोबरीने चालवणं म्हणजे दर काही महिन्यांनी ट्रिम पॉटशी खेळत बसणं.

प्लगिन असताना हार्डवेअर कशाला?

मिक्ससाठी म्हणत असाल तर मीही बऱ्याचदा प्लगिनच लावतो. तयार गाण्यात कुठल्या ट्रॅकवर डबा होता आणि कुठे प्लगिन, हे सांगणारा माणूस विरळा. शिवाय प्लगिन एकाच वेळी वीस ट्रॅकवर लावता येतं.

हार्डवेअरचा खरा उपयोग रेकॉर्ड करताना. गायकाच्या हेडफोनमध्ये आवाज आधीच सावरलेला, जवळ आलेला ऐकू येतो, उशीर न होता. त्याने गायकाचं गाणं बदलतं: तो माइकवर ओरडत नाही, खर्जातला स्वर सोडून देत नाही. दुसरं म्हणजे निर्णय तिथेच होतो. ३-४ डीबी दाबून घेतलेला टेक पुढे सरळ वापरता येतो. त्याहून जास्त दाबू नका, रेकॉर्ड झालेलं परत सोडवता येत नाही.

तुमचं काम ऑडिओबुक आणि पॉडकास्टचं असेल तर दाबण्यापेक्षा खोली शांत करणं आधी. ६ डीबी दाबून तेवढंच वर उचललं की दोन वाक्यांमधला पंखाही ६ डीबी वर येतो.

परदेशातून मागवला तर विजेचं काय?

खोका उघडल्यावर पहिलं काम: मागचा व्होल्टेजचा स्विच आणि फ्यूज पाहणं. अमेरिकेहून आलेलं यंत्र ११५ व्होल्टवर लावलेलं असू शकतं. ते आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावलं तर फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जातो. स्विच बदलला की फ्यूजही पुस्तिकेत दिलेल्या किमतीचा बदला, व्होल्टेज दुप्पट म्हणजे फ्यूज साधारण निम्मा. स्विचच नसेल तर विकणाऱ्याला आधी विचारा.

डब्ल्यूए-७६ला बाहेरचा अडॅप्टर येतो. अशा यंत्राचा अडॅप्टर गेला तर बाजारातून ‘तेवढ्याच व्होल्टचा’ कुठलाही आणून लावू नका. काही यंत्रांना एसी लागतो, काहींना डीसी, आणि दोन्हींची पिन एकसारखी असते.

भारनियमनात घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा. साध्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतात आणि ती गुरगुर रेकॉर्ड होते.

किमतीचा हिशेब करताना भाडं, कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरा, आणि बिघडल्यास परत पाठवायचं भाडंही. भारतातल्या विक्रेत्याकडून थोडं महाग मिळालं तरी वॉरंटीचं काम इथेच होत असेल तर मी तिथूनच घेईन.

इंटरफेसला जोडायचा कसा?

लाइन आउटपुटमधून आत, कॉम्प्रेसरच्या आउटपुटमधून लाइन इनपुटमध्ये, दोन्हीकडे बॅलन्स्ड केबल. माइक सरळ लावता येत नाही, आधी प्रीअँप हवाच. परत येताना माइक इनपुटमध्ये घालू नका. तिथला प्रीअँप विनाकारण मध्ये येतो आणि जोराचा सिग्नल फाटतो. एक्सएलआर-टीआरएस कॉम्बो जॅक असेल तर टीआरएसची बाजू वापरा. जुन्या युआरईआयच्या मागे एक्सएलआर नसून स्क्रूच्या पट्ट्या असतात, तिथे केबलची टोकं सोलून बसवावी लागतात.

मीटर शून्यावर थांबत नाही. बिघडला का?

बहुधा नाही. चालू केल्यावर अर्धा तास तापू द्या आणि मगच पाहा. तरी काटा सरकलेलाच असेल तर मीटरचा ट्रिम पॉट फिरवून शून्यावर आणता येतो. क्यू बायसला मात्र पुस्तिका आणि सिग्नल जनरेटर हाताशी असल्याशिवाय हात लावू नका. मूळ यंत्रात वेगळं पॉवरचं बटण नसून मीटरच्या बटणांतलं ‘ऑफ’ दाबून ते बंद होतं, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

सेकंडहँड घेताना काय पाहायचं?

प्रत्यक्ष लावून ऐकल्याशिवाय घेऊ नका. चारही नॉब सावकाश फिरवा: खरखर आली तर पोटेन्शिओमीटर साफ करून भागतं, मधेच आवाज गेला तर बदलावा लागतो. प्रत्येक रेशो बटण वेगवेगळं दाबून काटा बदलतो का पाहा. आउटपुट वाढवून, काही न वाजवता, हिस आणि हम ऐका. सारखा हिस चालेल, मधूनमधून तडतड होत असेल तर जुने कॅपॅसिटर किंवा ट्रान्झिस्टर संपत आलेत. झाकण काढायला विकणाऱ्याची ना असेल तर तिथूनच परत फिरा. कोकणातून किंवा मुंबईतल्या समुद्राजवळच्या स्टुडिओतून आलेल्या यंत्राची बटणं आणि जॅक विशेष तपासा, दमट खारी हवा आधी तिथेच लागते.

किट घेऊन स्वतः बांधला तर?

सोल्डरिंगचा हात बसलेला असेल, मल्टीमीटर वापरता येत असेल आणि कॅलिब्रेशनसाठी बसायची तयारी असेल तर जरूर. यंत्र कायमचं समजतं. हा पहिलाच प्रकल्प असेल तर नको: आत २३० व्होल्ट आहेत, आणि यंत्र चाललं नाही तर चूक शोधायला सर्किट वाचता यायला हवं. पैसे वाचवण्याचं कारणही हल्ली उरलेलं नाही, स्वस्त नकला किटच्या खाली आल्या आहेत.

एकच घ्यायचा आहे. कोणता?

घरचा स्टुडिओ, मुख्यतः गळा आणि एखादं वाद्य: ७६-केटी, आणि उरलेले पैसे माइक व खोलीवर. रोज बाहेरची गिऱ्हाइकं येणारा स्टुडिओ: एमसी-७७ किंवा ११७६एलएन, कारण तिथे यंत्र बंद पडलेला एक दिवस किमतीतल्या फरकाएवढा महाग पडू शकतो. डब्ल्यूए-७६ या दोघांच्या मधे. फक्त भक्तिगीतं आणि भावगीतं करत असाल तर ११७६च्या वाटेला न जाता एलए-२एच्या कुळातला एखादा पाहा.

आज लावलेली सेटिंग पुढच्या महिन्यात परत कशी मिळवायची?

हुबेहूब मिळत नाही. मोबाइलवर पुढच्या पट्टीचा फोटो काढून सेशनच्या फोल्डरमध्ये टाका, पण समोरून, तिरका नको, कारण नॉबची खूण तिरक्या फोटोत एखाद्या आकड्याने सरकते. इंटरफेसची आउटपुट पातळीही लिहून ठेवा, थ्रेशोल्ड ठरलेला असल्याने तीच सगळ्यात महत्त्वाची. आणि मिक्समध्ये लावलेला असेल तर ट्रॅक दाबूनच रेकॉर्ड करून घ्या, कच्चा शेजारी म्यूट करून ठेवा, नावात यंत्र आणि गेन रिडक्शन लिहा.